अकरावीचे विषय आणि पुढचें विद्यापीठ

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं दोन चिंता बरोबरच येतात; एक बियाण्याची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. बियाणें घेतांना आपण किती चौकशी करतों हें वाचकांस सांगावयास नको. पिशवीवरील चिठ्ठी वाचतों, उगवणीची टक्केवारी पाहतों, आणि तरीही मन भरलें नाहीं तर शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवतात तें घरीं मोजतों. परंतु दहावी झालेल्या मुलानें पुढें कोणते विषय घ्यावे, हा प्रश्न मात्र बाजाराच्या दिवशीं, चहा पितां पितां, कोणा परिचिताच्या एका वाक्यावर निकालांत निघतो. बियाणें फसलें तर एक हंगाम जातो. विषय चुकला तर मुलाचीं वर्षें जातात.

हें आम्ही दुसऱ्यांस शिकविण्याच्या आढ्यतेनें लिहीत नाहीं. हा दोष आमच्या हातून घडला आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा लहानपणापासून मोटार, पंप, ठिबकच्या नळ्या यांतच रमणारा. विहिरीवरचा पंप बिघडला कीं मिस्त्री येण्यापूर्वींच हा खोलून बसावयाचा. दहावीस त्याला गुण बरे पडले. त्यास कृषि विद्यापीठांत घालावयाचें हें घरांत सर्वांचें ठरलें होतें. एका जाणत्या गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें कीं, “शेतकीला गणित लागत नाहीं, उगाच पोराच्या डोक्यावर ओझें कशाला?” आम्हीं तें मानलें आणि अकरावीस त्याचें गणित सोडविलें. सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता. बारावीच्या वर्षीं राहुरीस विद्यापीठ पाहावयास गेला असतां कृषि अभियांत्रिकीचें महाविद्यालय त्यानें पाहिलें आणि घरीं आल्यावर शांतपणें म्हणाला, “काका, मला जें शिकायचं आहे तें हेंच होतं. पण तिथं गणितावांचून घेत नाहींत.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें त्यानें गणिताची परीक्षा निराळी दिली, प्रवेश-परीक्षेस पुन्हा बसला आणि त्याची इच्छा पुरी झाली. परंतु एक वर्ष गेलें तें गेलेंच, आणि त्या वर्षांत त्याच्या आईनें किती रात्री जागून काढल्या हें आम्हीं पाहिलें आहे.

या अनुभवावरून आम्हांस जो धडा मिळाला तो असा कीं, विषय ठरवितांना दहावीकडून पुढें न पाहतां पदवीकडून मागें पाहत यावें. उसाची लागण करणारा शेतकरी आधीं तोडणीचा महिना धरतो आणि मग लागणीचा. त्याचप्रमाणें, मुलास कोणत्या दारांतून आंत जावयाचें आहे तें आधीं पाहावें, त्या दाराला कोणती किल्ली लागते तें विचारावें, आणि मग अकरावीचा अर्ज भरावा.

आपल्या वाचकांच्या उपयोगाचीं मुख्य दारें येणेंप्रमाणें आहेत. महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें चार कृषि विद्यापीठें आहेत. तेथील बी.एस्‌सी. कृषि या चार वर्षांच्या पदवीसाठीं बारावी विज्ञान शाखेंतून व्हावी लागते. भौतिक व रसायन हे दोन विषय अवश्य; तिसरा गणित असला तरी चालतो, जीवशास्त्र असलें तरी चालतें. आम्हांस मिळालेला सल्ला येथपर्यंत खरा होता. परंतु त्याच विद्यापीठांतील कृषि अभियांत्रिकीच्या बी.टेक. पदवीस गणित पाहिजेच. म्हणजे अवजारें, सिंचन, मृदसंधारण यांकडे ज्या मुलाचा ओढा आहे, त्यानें गणित सोडणें म्हणजे स्वतःच्या हातानें कुलूप लावणें होय.

दुधाच्या धंद्याचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. जनावरांचा डॉक्टर होण्यासाठीं भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी लागतें आणि प्रवेश नीट या परीक्षेच्या गुणांवर होतो. तें शिक्षण प्रत्यक्ष कामाच्या एका वर्षासह साडेपांच वर्षांचें आहे. पण तेंच दूध डेअरींत गेल्यावर त्याचें श्रीखंड, चीज व भुकटी करण्याची विद्या, जिला दुग्ध तंत्रज्ञान म्हणतात, तिला गणित लागतें. दोन्ही शाखा नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्याच कक्षेंत आहेत. गोठा एकच, दूध एकच, परंतु दारें दोन आणि किल्ल्याही दोन. “पोराला दुधाच्या धंद्यांतलें शिकवायचंय” एवढेंच म्हणून भागत नाहीं तें यामुळें.

वैद्यक, दंतवैद्यक व आयुर्वेद यांस जीवशास्त्र व नीट. स्थापत्य, यंत्र, संगणक इत्यादि अभियांत्रिकीस गणित व राज्याची सीईटी. कृषि पदवीचा प्रवेशही सीईटीच्याच गुणांवर होतो. या प्रवेशांत सातबारा असलेल्या कुटुंबांतील उमेदवारांस कांहीं अधिक भार देण्याची पद्धत आहे. तिचा त्या वर्षींचा नियम माहितीपुस्तिकेंत पाहून कागद आधींच काढून ठेवावे. तलाठ्याकडे शेवटच्या दिवशीं धांवूं नये.

मग गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावीं काय? ज्या मुलाचें मन अद्याप ठरलेलें नाहीं आणि ज्याला दहावीस दोन्हींत चांगली गति होती, त्यानें तीं घ्यावीं असें आमचें मत आहे. त्यानें दोन्ही दारें उघडीं राहतात. परंतु हें ओझें खरें आहे, तें लपवूं नये. नीटच्या ७२० गुणांपैकीं निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राचे असतात. सीईटींत गणिताचे १०० गुण भौतिक व रसायन मिळून होणाऱ्या १०० गुणांइतके असतात. दोन्हींकडे सारखें लक्ष देणाऱ्या मुलाची दोन बैलांच्या दोन दिशांना ओढण्यासारखी गत होऊं शकते. म्हणून अकरावीच्या दिवाळीपर्यंत दोन्ही विषय मनापासून करावे, नंतर मुलाशीं बसून कोणत्या परीक्षेवर भर द्यावयाचा तें ठरवावें, आणि दुसरा विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता ठेवावा. अकरावी म्हणजे विसाव्याचें वर्ष ही समजूतही सोडावी. सीईटींत सुमारें पांचवा हिस्सा प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमांतून येतात, आणि नीटचा अभ्यासक्रम तर दोन्ही वर्षांचा आहे.

आणखी एक अडचण खेड्यांतील मुलांची खास आहे. दहावीपर्यंत मराठींत शिकलेला मुलगा अकरावी विज्ञानांत गेला कीं सर्व शास्त्र एकदम इंग्रजींत येतें. पुष्कळ हुषार मुलें पहिल्या तीन महिन्यांत खचतात, आणि आपणांस वाटतें कीं मुलाची बुद्धि मंदावली. बुद्धि तीच असते, शब्द नवे असतात. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटींत इंग्रजी पारिभाषिक शब्दांची वही करून घ्यावी. तेवढ्यानें निम्मी भीति जाते. नीटची प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

ज्याला विज्ञानाची आवड नाहीं त्याला ओढून विज्ञानांत घालूं नये, हें आम्ही आग्रहानें सांगतों. “पोराला कलेक्टर करायचाय, म्हणून सायन्स” असें म्हणणारे पालक आम्हांस दरवर्षीं भेटतात. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते; इतिहास व राज्यशास्त्र मनापासून वाचणारा कला शाखेचा मुलगा तेथें मागें पडतो असें मुळींच नाहीं. उलट राज्याच्या कृषि सेवेंत जावयाचें तर कृषि विषयांतील पदवी लागते, आणि भारतीय वन सेवेसही विज्ञान, कृषि अथवा अभियांत्रिकी यांपैकीं विहित विषयांची पदवी लागते. हिशोबांत ज्याचें डोकें चालतें त्यास वाणिज्य शाखा द्यावी. आपल्या सोसायट्या, बाजार समित्या व उत्पादक कंपन्या यांना चोख हिशोबनीस मिळत नाहींत ही आपणां सर्वांचीच तक्रार नव्हे काय?

हा विचार आज अधिक निकडीचा कां, तें जमिनीकडे पाहिल्यास कळतें. १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांत सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत ती १.३४ हेक्टरवर आली. दोन भावांत तीच वांटली तर कोणाचेंच भागत नाहीं. घरांतील एकानें तरी विद्येच्या बळावर दुसरा आधार उभा करावयास पाहिजे, मग तो शेतीशीं जोडलेला असो वा नसो. हें मुलींसही तितकेंच लागू आहे. मुलीस जवळचें महाविद्यालय सोयीचें म्हणून तेथें असेल तो विषय घ्यावयास लावणें ही सोय पुढें फार महाग पडते.

अकरावीचे प्रवेश २०२५ सालापासून सर्व राज्यांत ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले आहेत. अर्ज भरण्याचें काम नेट-कॅफेवाल्यावर सोंपवूं नये. तो पसंतीक्रम भरील. मुलाचें मन त्याला कसें कळणार? अर्जापूर्वीं एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. मुलास विचारावें कीं, तुला काय करावेंसें वाटतें? त्याच्या विज्ञान व गणिताच्या गुरुजींस विचारावें कीं, याला कशांत गति आहे? ज्या पदवीचा विचार आहे तिची चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कारण नियम बदलत असतात आणि गतवर्षींचा सल्ला यंदा लागू पडेलच असें नाहीं. आणि जें महाविद्यालय निवडाल तेथें ते विषय प्रत्यक्ष शिकविले जातात कीं नुसते कागदावर आहेत, तें प्रयोगशाळेंत जाऊन पाहावें.

आमचा पुतण्या आतां कृषि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. गेल्या दिवाळींत त्यानें आमच्या विहिरीचें पाणी मोजून पंप किती अश्वशक्तीचा हवा तें कागदावर मांडून दाखविलें. आम्ही इतकीं वर्षें गरजेपेक्षां मोठा पंप चालवीत होतों असें निघालें. त्याचा हिशोब पाहतां पाहतां आमच्या मनांत आलें कीं, हें गणित आम्हींच त्याच्याकडून सोडविलें होतें. ही चूक वाचकांच्या घरीं होऊं नये एवढ्याकरितांच हा लेखनप्रपंच.