दोष हाताचा नव्हता

गेल्या नाताळात माझा मामा स्विंडनहून आला, तेव्हा बॅगेतून एक जुना स्लॉट कारचा सेट घेऊन आला. काळा ट्रॅक, त्यात दोन खाचा, दोन गाड्या आणि हातात धरायचे दोन कंट्रोलर. जेवणं आटपल्यावर शर्यत लागली आणि माझा दहा वर्षांचा भाऊ सलग सात वेळा हरला. त्याची गाडी एक तर जागची हलायची नाही, नाहीतर पहिल्याच वळणावर ट्रॅकबाहेर उडायची. "तुझ्या हातालाच वळण नाही," असं कुणीतरी चिडवलं आणि तो रडत आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा कंट्रोलर हातात घेतला. माझीही तीच गत झाली! म्हणजे दोष हाताचा नव्हता. मग मी साहित्याची विद्यार्थिनी असूनही सुटीभर ओहमचा नियम वाचत बसले. जे समजलं ते इथे सांगते.

हा खेळ घरोघरी पोचला तो १९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी 'स्केलेक्सट्रिक' बाजारात आणल्यावर. तत्त्व साधं आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या पोटाखाली तांब्याच्या तारांच्या दोन छोट्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांना घासत जातात आणि मोटरला वीज मिळते. गाडीला स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पेडल नाही. जे काही आहे ते तुमच्या बोटाखालच्या ट्रिगरमध्ये.

साध्या कंट्रोलरच्या आत रोध असलेल्या तारेचं एक वेटोळं असतं. ट्रिगर दाबला की एक पट्टी त्या वेटोळ्यावरून सरकते. जितकं जास्त दाबाल तितकी कमी तार वाटेत राहते, रोध कमी होतो आणि गाडी पळते.

आता गोम इथे आहे. आमच्या कंट्रोलरचा रोध मल्टिमीटरवर सुमारे ७० ओहम भरला. पुरवठा १२ व्होल्टचा. समजा, उभ्या मोटरचा स्वतःचा रोध १० ओहम आहे. ट्रिगर नुकताच दाबला तर एकूण रोध ८० ओहम, आणि मोटरच्या वाट्याला येतात जेमतेम दीड व्होल्ट. गाडी हलत नाही. आपण आणखी दाबतो. निम्म्यावर आल्यावर पावणेतीन व्होल्टच्या आसपास मिळतात आणि गाडी निघते. पण धावती मोटर उभ्या मोटरपेक्षा कमी प्रवाह ओढते. प्रवाह कमी झाला की वेटोळ्यात खर्च होणारे व्होल्टही कमी होतात, आणि ते उरलेले व्होल्ट मोटरकडे जातात. बोट तिथेच असतं, तरी वेग एकदम वाढतो. म्हणूनच ती उडी!

यावर उपाय म्हणजे मोटरला शोभेल असा रोध. अगदी छोट्या एच.ओ. गाड्यांना ६० ते ९० ओहमचे कंट्रोलर चालतात. १:३२ प्रमाणाच्या घरगुती गाड्यांना साधारण २५ ते ४५. मोठ्या ट्रॅकवरच्या ताकदवान १:२४ गाड्यांना तर पाच ओहमहूनही कमी. रोध फार कमी झाला तर उलट त्रास होतो: बोट लागताच गाडी सुसाट सुटते.

आम्ही स्वस्तातला मार्ग धरला. म्हापशातल्या एका दुकानातून ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आणला आणि वेटोळ्याला समांतर जोडला. सुरुवातीचा रोध ७० वरून साधारण ३५ वर आला. पण पहिल्यांदा मी चुकले. रेझिस्टरचं एक टोक सरकत्या पट्टीला डाखलं. त्यामुळे ट्रिगर सोडलेला असतानाही प्रवाह चालूच राहिला आणि रेझिस्टर हात लावता येईना इतका तापला. तो वेटोळ्याच्या दोन टोकांनाच जोडायचा, हे तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. चांगल्या कंट्रोलरमध्ये ट्रिगर पूर्ण सोडला की मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर मग स्वतःच जनित्र बनते आणि स्वतःलाच अडवते. हा ब्रेक फार कडक वाटला तर त्याच्या तारेत फिरवायच्या बटणाचा छोटा, पण जास्त वॉटचा रेझिस्टर घालतात. रोध वाढवला की ब्रेक मऊ होतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. त्यात ट्रान्झिस्टर मोटरला मिळणारा दाब सांभाळतो, मोटर कितीही प्रवाह ओढो. त्यामुळे एकच कंट्रोलर बऱ्याच प्रकारच्या गाड्यांना चालतो. सुरुवातीचा वेग आणि ब्रेक यांसाठी वेगळी बटणंही असतात. मात्र तो महाग पडतो.

काही करण्याआधी एवढं कराच: वेटोळं आणि पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पट्टीची स्प्रिंग सैल नाही ना ते बघा, ट्रॅकच्या पट्ट्या आणि गाडीच्या वेण्या साफ करा. निम्मे धक्के मळामुळेच बसतात. भिंतीत लावायचा ॲडाप्टर मात्र कधीच उघडू नका, तिथे २३० व्होल्ट असतात. आणि सेट डिजिटल असेल तर हे प्रयोग नकोत. तिथे वेग ठरवणारी चिप गाडीतच असते.

तीन राजांच्या सणाच्या संध्याकाळी पुन्हा शर्यत झाली. भाऊ दहापैकी चार वेळा जिंकला. गाडी दोनदा उडाली, पण या वेळी त्याचं त्यालाच कळलं, की बोट उशिरा सुटलं. "ताई, ही चूक माझी हं," असं तो हसत म्हणाला. ज्याने चिडवलं होतं, त्याने तो दुरुस्त केलेला कंट्रोलर मागून घेतला. भावाने दिला नाही.