पिकाची राखण

मृगाचा पाऊस पडला, की जालना जिल्ह्यातील काळ्या जमिनीवर पेरणीची एकच घाई उडते. आठ-दहा दिवसांत सोयाबीन, मूग, उडीद ह्यांचे कोवळे अंकुर वर येतात आणि शिवार हिरवे दिसू लागते. नेमक्या ह्याच दिवसांत शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. पहाटे शेतावर जावे, तो काल डोलणारी रोपे आज शेंडे खुडल्यासारखी उभी असतात. दुबार पेरणी करावी, तर बियाण्याला पैसा कोठून आणावा?

अशा वेळी नुकसान कोणी केले हे ओळखावे लागते. सशाने खाल्लेला देठ सुरीने तिरपा कापल्यासारखा दिसतो. हरिण, शेळी किंवा गाय ह्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला जिभेने व खालच्या दातांनी धरून ओढतात. म्हणून तुटलेली कड फाटकी राहते. रानडुक्कर तर मातीच उकरून टाकतो. रोपांचे शेंडे फाटलेले असतील आणि ओल्या मातीत टोकदार, दुभंगलेल्या खुरांचे लहान ठसे उमटले असतील, तर रात्री काळविटांचा कळप येऊन गेला असे बहुधा समजावे.

काळविटाला आपण हरिण म्हणतो खरे. परंतु चितळ आणि सांबर ह्यांहून तो वेगळा आहे. चितळाच्या शिंगांना फाटे असतात व ती गळून पुन्हा नवी येतात. काळविटाची शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असून ती कधी गळत नाहीत. नर वयात आला, की त्याची पाठ काळसर होत जाते. माद्या आणि पाडसे बदामी रंगाची असतात. संस्कृतात ह्या प्राण्याला कृष्णसार असे सुंदर नाव आहे. तो दाट अरण्यात रमत नाही, त्याला मोकळे माळरान हवे. पूर्वी अशा माळांवर चित्ता त्याची शिकार करी. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. (२०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले, ती गोष्ट निराळी.) शिकारी गेला, पण त्याच्यापासून पळताना मिळालेला ताशी सुमारे ८० किलोमीटरचा वेग काळविटाच्या पायांत अजून आहे. माळ आणि गायराने मात्र नांगराखाली गेली. जेथे त्याचे गवत होते तेथे आता आपले पीक उभे आहे, हे राखण करणाऱ्यानेही ध्यानात ठेवलेले बरे.

सगळ्या शेताला तारेचे कुंपण घालणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून तो प्राण्याचा स्वभाव ओळखून उपाय करतो. काळविटाचा मुख्य आधार म्हणजे त्याचे डोळे. बांधावर काठ्या रोवून त्यांना जुनी लुगडी बांधली, की वाऱ्याने ती फडफडतात. पलीकडचे काही दिसत नाही, आणि कळप बिचकून थांबतो. बुजगावण्याची युक्ती हीच. परंतु प्राणी काही मूर्ख नसतात. तेच लुगडे त्याच जागी चार-सहा दिवस हलताना पाहिले, की त्यांची भीती मोडते. जो शेतकरी बुजगावण्याची जागा आणि त्याचा सदरा अधूनमधून बदलतो, त्याचे बुजगावणे अधिक दिवस कामी येते. काळविटाहून कितीतरी मोठा असा रोही शेतात शिरला, तर मात्र लुगड्यांचा फारसा उपयोग होत नाही.

मग उरते ती जागल. माळ्यावर बसून डबा वाजवणे, गोफण भिरकावणे, आरोळी देणे, हे काम रात्रभर चालते. दिवसभर औत हाकलेल्या माणसाने रात्रही जागून काढायची, म्हणजे केवढे कष्ट!

घराच्या परसात कळप सहसा येत नाही. गावाच्या कडेला, शेतातल्या वस्तीवर मात्र येऊ शकतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे घरांच्या बागेत शिरून फुलझाडे फस्त करतात. तेथील लोक नासलेल्या अंड्यांचे पाणी झाडांवर शिंपडतात. गवत खाणाऱ्या प्राण्याचे नाक तीक्ष्ण असते, आणि कुजक्या मांसासारखा वास त्याला धोक्याचा वाटतो. पाऊस पडला, की तो वास धुऊन जातो व पुन्हा शिंपडावे लागते. आपल्याकडे श्रावणात ह्या उपायाची काय गत होईल ते सांगायला नको. जपानी पद्धतीने कुंडीत खुजी वाढवलेली झाडे असतील, तर ती रात्री ओसरीवर उचलून ठेवावी. ह्याहून सोपा उपाय नाही.

काही जण उतावीळपणे बांधावरच्या तारेत विजेचा प्रवाह सोडतात. हे फार भयंकर आहे. अंधारात त्या तारेला हरिण लागते, तसाच पाणी द्यायला निघालेला शेजारीही लागतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे काळविटाला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. पिकाची हानी झाली, तर वेळ न दवडता वनखात्याला कळवावे. पंचनामा झाल्यावर नियमाप्रमाणे भरपाई मिळू शकते.

रब्बीच्या हंगामात मराठवाड्यातील शेतकऱ्याजवळ आणखी एक राखणदार असतो. ज्वारी किंवा गहू पेरताना तो शेताच्या कडेने करडईच्या काही ओळी पेरतो. करडईचे रोप कोवळे असताना त्याला काटे नसतात. तेव्हा त्याची भाजी करतात आणि जनावरेही त्याला तोंड लावतात. त्यामुळे पहिला महिनाभर शेतावर लक्ष ठेवावेच लागते. पुढे खोड उंच होते, पानांच्या कडांवर काटे येतात, आणि नाकातोंडाला टोचणारी ती भिंत ओलांडण्यापूर्वी जनावर विचार करते. पौष-माघात तिच्यावर पिवळी-केशरी फुले येतात, आणि पीक वाळल्यावर शेतकरी हातांना फडकी गुंडाळून ती करडई कापतो व तिचे तेल काढून आणतो.