टोचण्याआधीची दोन मिनिटं

सकाळी ७.३०
परळच्या इस्पितळातल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, रात्रपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे कामाचा ताबा, घेते. सातव्या महिन्यात जन्मलेलं, किलोभरसुद्धा नसलेलं बाळ व्हेंटिलेटरवर आहे. शस्त्रक्रियेनंतर फेंटानिल या वेदनाशामकाची ड्रिप सुरू आहे. डोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणून हिशेब दोघींनी स्वतंत्र करून पाहायचा.

८.१५
टाचेतून रक्त घेऊन साखर बघायची आहे. आधी आईच्या दुधाचे थेंब जिभेवर, मग दोन मिनिटं थांबायचं. नळी घशात असल्यानं याचं रडणं ऐकू येत नाही, ते चेहऱ्यावर बघावं लागतं: भुवया फुगतात, डोळे घट्ट मिटतात, नाकाशेजारची घडी खोल होते. मॉनिटरवर ठोके वाढतात, ऑक्सिजन उतरतो.

१०.००
राउंड. ड्रिप किती ठेवायची? १९८० च्या दशकापर्यंत अशा बाळांवर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत. फेंटानिलनं त्यांच्या शरीरावरचा ताण घटतो, हे कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. पण २००४ च्या निओपेन चाचणीत, ८९८ बाळांमध्ये, सरसकट दिलेल्या, फेंटानिलच्याच गटातल्या मॉर्फिननं मेंदूतला रक्तस्राव टळला नाही. रक्तदाब मात्र घसरला. पुढे काही अभ्यासांत जास्त मॉर्फिन मिळालेल्या बाळांच्या लहान मेंदूची वाढ कमी आढळली. वारंवार वेदना सोसलेल्या बाळांच्या मेंदूतही फरक दिसले. जास्त आजारी बाळाच्या वाट्याला वेदना आणि औषध दोन्ही जास्त येतात; त्यामुळे दोष कशाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. म्हणून दुखणं मोजायचं आणि लागेल तेवढंच औषध द्यायचं. आज डोस थोडा उतरवला. दुपारच्या तपासण्याही एकाच टोचण्यात उरकायचं ठरलं.

१२.३०
लालबागहून आई आली. “सिस्टर, अजून किती टोचणार हो याला?”
“कमीत कमी, ताई. हात धुऊन या. एक तळवा डोक्यावर, एक पावलांवर. थोपटू नका, नुसता ठेवा.”
ठोके हळूहळू खाली आले. शेजारचं बाळ आता स्थिर आहे, आईच्या छातीशी कांगारू केअरमध्ये. चिकटपट्टी काढतानाच्या वेदनेवर कांगारू केअर आणि आईचं दूध यांची तुलना परळच्याच केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी केली होती. २०१३ मध्ये ती ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये छापून आली.

२.३०
ओव्हर देते. ड्रिप एकदम बंद करायची नाही; अंग थरथरणं, शिंका, किरकिर, पातळ शी या औषध तुटल्याच्या खुणांवर लक्ष ठेवायचं. औषध किती गेलं ते चार्टवर असतंच. बाळाला किती वेळा टोचलं, तेही मी लिहिते. न टोचलेल्या सुईला औषध लागत नाही. बाळाच्या मेंदूसाठी आमच्या हातातला सगळ्यात निर्धोक उपाय तोच आहे.