साहित्यसंस्था आणि राजकारण

स्वेच्छेने वर्गणी भरून, भाषेच्या सेवेसाठी एकत्र आलेली माणसे राजकारणात का पडतात, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. पुढाऱ्यांची महत्त्वाकांक्षा हे त्याचे उत्तर सोपे असले, तरी पुरेसे नाही. बंगळूरच्या चामराजपेठेतील कन्नड साहित्य परिषदेचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे.

विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असताना, १९१५ साली ही परिषद स्थापन झाली. ग्रंथ प्रसिद्ध करावेत, कोश रचावेत, संमेलने भरवावीत, असे तिचे काम होते. परंतु कन्नड भाषिक त्या काळी म्हैसूर, मुंबई, मद्रास, हैदराबाद आणि कुर्ग अशा निरनिराळ्या राजवटींत विखुरलेले होते. सभासदांच्या वर्गणीतून ग्रंथ छापता येतो; पण शाळेत कोणत्या भाषेतून शिकवावे आणि कचेरीत अर्ज कोणत्या भाषेत घ्यावा, हे वर्गणीने ठरत नाही. ते सरकारच्या हुकमाने ठरते. म्हणून भाषेची सेवा करणाऱ्यांना सरकारच्या दारी जावेच लागले, आणि कन्नड साहित्यिकांच्या व्यासपीठावरून एकीकरणाची भाषा बोलली जाऊ लागली. १९५६ साली कन्नड मुलूख एका राज्यात आला. १९७३ साली त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लेखकांनी केलेली ही मागणी पुढे राजकीय पक्षांनी उचलली, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

याच बेळगावात १९२९ साली कन्नड साहित्य संमेलनही भरले होते. दोन्हीकडील साहित्यप्रेम सारखेच प्रामाणिक होते. तरीही भाषेचे प्रेम नकाशावर उतरले, तेव्हा दोघांचे बोट एकाच गावावर पडले. महाराष्ट्राने २००४ साली हा सीमावाद सर्वोच्च न्यायालयात नेला. साहित्याने दोन शेजाऱ्यांना जवळ आणावे अशी अपेक्षा असते. येथे त्याच्याच नावाने अंतर वाढले, आणि त्याची झळ साहित्यिकांपेक्षा सीमेवरच्या सामान्य कुटुंबांना अधिक लागली.

सभासदांची संख्या हे अशा संस्थेचे बळ असते. त्या संख्येमुळे सरकार तिचे म्हणणे ऐकून घेते, आणि त्याच संख्येवर राजकीय पक्षांचीही नजर जाते. सभासद मात्र नाना मतांचे असतात. त्यांनी वर्गणी दिलेली असते ती भाषेसाठी. तेव्हा भाषेच्या हिताचा कायदा मागणे हे संस्थेचे कर्तव्यच होय. परंतु अमुक उमेदवाराला मत द्या असे सांगणे, हा तिचा अधिकार नव्हे. ही मर्यादा सुटली, की भिन्न मताचा सभासद मुकाट्याने दूर होतो, आणि ज्या संख्येच्या बळावर संस्था बोलत होती, तीच ओसरू लागते.