प्रोजेक्टरला तेल कोण घालणार?

जत्रा-यात्रांच्या निमित्ताने गावोगाव तंबू ठोकून चित्रपट दाखविण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक दशके नांदली. पडद्यावरील नटनट्यांची नावे लोकांच्या ओठी राहिली; मालमोटारीवर उभा असलेला प्रोजेक्टर आणि तेलाची कुपी घेऊन त्याच्याभोवती वावरणारा ऑपरेटर यांची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत डिजिटल प्रक्षेपणाने ३५ मिलिमीटरच्या फिल्मला चित्रपटगृहांतून जवळजवळ हद्दपार केले आणि यंत्रांपैकी पुष्कळशी अडगळीत अथवा भंगारात गेली. यंत्रे गेली याची थोडीफार हळहळ व्यक्त होते. ती चालती ठेवण्याची विद्या लोपत आहे, इकडे मात्र कोणाचे लक्ष नाही.

ही विद्या किती बारकाईची आहे, हे यंत्राच्या रचनेवरून कळते. फिल्म प्रोजेक्टरमधून सलग सरकत नाही. सेकंदाला २४ चित्रे भिंगासमोर येतात आणि प्रत्येक चित्र क्षणभर निश्चल उभे राहते. हे काम चार खाचांचे एक लहानसे पोलादी चाक करते. फिरत्या चकतीवरील खुंटी एका खाचेत शिरते, चाकाला पाव फेरा देते आणि बाहेर पडते; या हालचालीस सेकंदाचा सुमारे ९६ वा भाग पुरतो. तासाभरात असे ८६,४०० झटके बसतात. तीन तासांच्या खेळात २ लाख ५९ हजार २००. हे चाक बंद पेटीत तेलात बुडून चालते. तेल कमी पडले की खुंटी व खाच झिजतात आणि पडद्यावरील चित्र थरथरू लागते. प्रेक्षक त्याचा दोष फिल्मला देतात.

तेल अधिक झाल्यानेही तितकेच नुकसान होते. ते फिल्मवर उतरले की चित्रावर डाग उमटतात, ध्वनिपट्टी मळून आवाज बिघडतो आणि चिकटलेल्या धुळीचे ओरखडे फिल्मवर कायमचे राहतात. म्हणून जाणता ऑपरेटर बेअरिंगला मोजके थेंब देई, वर आलेले तेल फडक्याने टिपून घेई आणि फिल्मच्या मार्गावर तेलाचा अंशही राहू देत नसे. घरातील खाद्यतेल तर त्याने कधीच वापरले नसते, कारण असे तेल हवेने चिकट होऊन बेअरिंग जखडते. फिल्म दाबून धरणाऱ्या पट्ट्यांवर साचलेला थर खरवडण्यासही तो पोलादी पाते न घेता लाकडाची वा पितळेची काडी घेई.

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही दक्षता दुपटीने घ्यावी लागते. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेस भरते, तर नळदुर्गच्या खंडोबाची पौषात. चैत्राच्या उन्हात तेल पातळ होऊन गळू पाहते. पौषाच्या रात्री तेच दाट होते आणि यंत्र जड चालते. उडालेली धूळ तेलात मिसळली की तिची कानस होते. अशा हवेत यंत्र चालविणाऱ्याला केवळ माहितीपुस्तिकेवर विसंबून भागत नाही. यंत्राच्या आवाजातील फरक कानाने ओळखावा लागतो.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राची गोष्ट याहून नाजूक. जुने तेल वाळून लाखेसारखे झालेले असते. उत्साहाच्या भरात थेट वीज जोडली तर दाते तुटावयाचे. आधी जुना थर द्रावकाने धुऊन काढावा, नवे तेल भरावे, यंत्र हाताने हळूहळू फिरवून पाहावे आणि मगच मोटार जोडावी.

ज्या यंत्रावर आता खेळ होत नाहीत त्याची एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. जुन्या चित्रपटांच्या डिजिटल प्रती निघतात, हे खरे. तथापि मूळ प्रत तिच्या काळी दिसे तशी पाहावयाची असेल, तर प्रोजेक्टरवाचून गत्यंतर नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ते फिल्म जतन व्हावी म्हणून. ती दाखविणाऱ्या यंत्राचे जतन हा त्याच कार्याचा उत्तरार्ध होय. २०१६ साली शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमावर केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. जगाला जे पाहण्याजोगे वाटले, ते आपण रद्दीच्या भावाने विकावे हे शोभत नाही. ज्या प्रांतात बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडविला, तेथे यंत्रविद्येची ही उपेक्षा अधिकच बोचते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने एक जुना प्रोजेक्टर मिळवून तो चालू स्थितीत ठेवावा. हयात असलेल्या ऑपरेटरांना मानधन देऊन वर्षातून काही दिवस विद्यार्थ्यांसमोर उभे करावे आणि त्यांच्या हातांचे काम चित्रित करून घ्यावे. वर्षातून एकदा त्या यंत्रावर जाहीर खेळ लावावा, म्हणजे देखभाल कागदावर राहणार नाही. काचेच्या कपाटात ठेवलेले यंत्र चार-सहा वर्षांत आतून जखडून जाते, मग बाहेरून ते कितीही चकाकत असो. ते सोडविण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे आता उतारवयाकडे झुकली आहेत. त्यांना विचारावयाचे ते आताच विचारले पाहिजे.