पाटीवरचा संसार

आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. तरीही आपल्या आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकायला येते. ही मासळी कोण पकडते? ती कोण वाळवते? चला, पाहू या.

मुंबई शहर मुळात सात बेटांचे होते. तेथे कोळी लोक फार पूर्वीपासून राहतात. वरळी व माहीम येथे आणि शेजारच्या साष्टी बेटावर मढ व वेसावे येथे आजही त्यांचे कोळीवाडे आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी हा मुस्लिम समाजही पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो.

पुरुष होडी घेऊन समुद्रात जातात. होडी किनाऱ्याला लागली, की कोळणींचे काम सुरू होते. त्या मासळी निवडतात, धुतात, बर्फात ठेवतात. मग पाटी घेऊन बाजार गाठतात. भाव ठरवणे, उधारी लक्षात ठेवणे, हिशेब करणे, हे सारे त्याच पाहतात. म्हणून घरातील पैशाचा व्यवहार बहुधा बाईच्या हाती असतो.

बोंबलात पाणी फार असते. तो लवकर नासतो. म्हणून कोळणी तो वाळवतात. बांबूच्या उंच मांडवाला वलांडी म्हणतात. जबड्यात जबडा अडकवून दोन दोन बोंबील वलांडीवर टांगतात. ऊन आणि वारा यांनी ते वाळतात. १ जून ते ३१ जुलै हा माशांच्या प्रजननाचा काळ. तेव्हा यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ही सुकी मासळीच घर चालवते. पण अवकाळी पाऊस आला, तर माल भिजतो आणि सारी बेगमी वाया जाते.

आज मासळी वाळवायला मोकळी जागा कमी पडत आहे. मच्छीमार म्हटले, की लोकांना होडीतला पुरुषच आठवतो. त्यामुळे कर्ज किंवा नुकसानभरपाई देताना बाईचे नाव पुष्कळदा राहून जाते. खरे तर जगातील लहान प्रमाणावरील मासेमारीच्या व्यवसायात दर १० जणांमध्ये ४ स्त्रिया आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२३ मध्ये हे सांगितले.

आपल्या नळगंगा व खडकपूर्णा धरणांतही मासेमारी चालते. तेथील मासळी विकणारी बाई बाजारात भेटली, तर घासाघीस करण्यापूर्वी तिचा दिवस केव्हा सुरू झाला, हे तिला जरूर विचारा.