जोंगाचे पार्ट ‘जोंगा’ म्हणून शोधू नका

ज्यांना लोकलमध्ये इअरफोन लावूनही काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जमतील तेवढे काढलेत. काही राहिलेच असतील, चालवून घ्या.

लष्करातून निवृत्त झालेली गाडी घ्यायची हौस आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. लिलावातून सुटलेली जीप, जिप्सी किंवा जोंगा कोणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते आणि मालक सांगतो, “थोडंसं काम आहे, बाकी गाडी ओके.” ते थोडंसं काम कुठे अडतं? एक कागदांवर, दुसरं पार्टवर. कागदांचं एवढंच सांगतो की चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिलावाच्या कागदाशी आणि आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. आज बोलू पार्टबद्दल, आणि उदाहरण घेऊ जोंगाचं.

का जोंगा? कारण सध्या आमच्या घरातला तोच विषय आहे. माझे मामा ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर साताऱ्याला आले आणि दोन हात बदललेली एक पेट्रोल जोंगा त्यांनी घेतली. नोकरीत ज्या गाडीखाली अर्धं आयुष्य आडवं पडून काढलं, ती एकदा स्वतःच्या नावावर हवी, एवढाच हिशोब. महिनाभरात इंजिन ऑइल दुधाळ दिसायला लागलं. दुधाळ ऑइल म्हणजे ऑइलमध्ये पाणी जातंय, आणि पहिला संशय हेड पॅकिंगवर. तीन गॅरेजवाल्यांनी एकच सल्ला दिला: “जोंगाचं पॅकिंग आता कुठं मिळतंय? इंजिन उतरवा, डिझेल टाकू.”

मामा म्हणाले, “इंजिन काढल्यावर राहतं काय? पत्रा?”

तर तिथून आमचा शोध सुरू झाला. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा की ही गाडी मुळात कुणाची कॉपी आहे? आमच्या धंद्यात एखादी लायब्ररी बंद पडली की आपण बघतो ती कशावरून ‘फोर्क’ केली होती. मूळ प्रकल्प अजून जिवंत असेल तर अर्धं काम झालं.

जोंगाचं मूळ आहे निस्सान पेट्रोल. इथे पेट्रोल म्हणजे इंधन नाही, गस्त या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. निस्सानने या गाडीची ‘६०’ मालिका १९६० ते १९८० अशी वीस वर्षं बनवली. भारताने तिचा परवाना घेतला आणि जबलपूरला ती तयार होऊ लागली. नावसुद्धा तिथलंच: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, त्यातली इंग्रजी अक्षरं उचलून झालं ‘जोंगा’. १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतून ती १९९९ पर्यंत बाहेर पडत होती. जपानमध्ये मॉडेल बंद झाल्यावर आपण ते आणखी एकोणीस वर्षं चालवलं! मधल्या काळात तीच गाडी ऑस्ट्रेलियातही खूप खपली. रेग स्प्रिग नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये कुटुंबाला घेऊन सिम्पसनचं वाळवंट पहिल्यांदा मोटारीने पार केलं, ते याच मालिकेतल्या गाडीने. तरुण मंडळींना जोंगा माहीत असते ती धोनीमुळे, २०१९ मध्ये तो रांचीत ती चालवताना दिसला होता म्हणून.

आता इंजिन. निस्सानचं ‘पी’ इंजिन: सहा सिलिंडर एका ओळीत, ३,९५६ सीसी, बोअर ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३ मिलिमीटर. हा ११४.३ आकडा बघून मी थांबलो. जपानी कंपनी असलं अवघड माप का घेईल? २५.४ ने भागा. बरोबर साडेचार इंच येतात. म्हणजे या इंजिनाचं आजोळ इंचवाल्या देशात आहे. आणि खरंच तसं आहे. १९३० च्या दशकात निस्सानने अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेज कंपनीकडून ट्रकचं डिझाइन आणि यंत्रसामग्री विकत घेतली होती. त्या इंजिनाचा स्ट्रोकही साडेचार इंच. पुढे बोअर वाढला, व्हॉल्व्ह बाजूला होते ते डोक्यावर गेले, पण स्ट्रोक तोच राहिला. मामा हे ऐकून म्हणाले, “म्हणजे तीस वर्षं आम्ही अमेरिकन आजोबाची सेवा केली.”

ही वंशावळ नुसती गंमत म्हणून सांगत नाहीये, पार्ट तिच्यातूनच सापडतो. हेच ‘पी’ इंजिन लष्कराच्या निस्सान वन-टन ट्रकमध्ये होतं आणि तोही जबलपूरलाच बनत होता. त्यामुळे भंगारात जोंगा नसेल तर वन-टन विचारायचा. त्याहून मोठा धागा म्हणजे फोर्कलिफ्ट. गोदामात लाकडी पॅलेट उचलणारी ती गाडी. ‘पी ४०’ या नावाने हे इंजिन फोर्कलिफ्टमध्ये वापरलं गेलं, आणि फोर्कलिफ्ट ही कमावती वस्तू आहे. बंद पडली तर मालकाचं रोजचं नुकसान होतं, म्हणून तिचे पार्ट बनवणारे आणि विकणारे अजून आहेत. हौशी माणसांच्या जिवावर पार्टचा धंदा चालत नाही, पोटापाण्याच्या यंत्रावर चालतो.

फोनवर ‘जोंगा हेड गॅस्केट’ शोधलं की जुन्या गाड्यांच्या जाहिराती येतात. ‘निस्सान पी ४० गॅस्केट’ शोधलं की दुकानं येतात. आम्हाला पॅकिंग असंच मिळालं. जुनं पॅकिंग टेबलावर ठेवून त्यावर नवीन ठेवलं, सिलिंडरची सहा भोकं, पाण्याच्या वाटा, बोल्टची भोकं एकेक करून बघितली, मगच पैसे दिले. तुम्हीही तसंच करा. एकाच इंजिनात वर्षानुसार बारीक बदल होतात. फोर्कलिफ्टच्या इंजिनाचे बाहेर लटकणारे भाग, म्हणजे मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, ऑइलची टाकी, वेगळे असू शकतात. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हेही टर्नरकडून तपासून घ्या. वाकड्या हेडवर नवीन पॅकिंग टाकलं तर ऑइल परत दुधाळ होणार.

निस्सानच्या पार्ट नंबरची एक युक्ती सांगतो, ही मला फार आवडली. नंबर दोन तुकड्यांत असतो, पाच आणि पाच. पहिले पाच आकडे सांगतात तो पार्ट कुठला: ११०४४ म्हणजे हेड पॅकिंग, २१०१० म्हणजे वॉटर पंप, १५२०८ म्हणजे ऑइल फिल्टर, ३०१०० म्हणजे क्लच प्लेट. पुढचे पाच सांगतात कुठल्या मॉडेलचा. म्हणजे परदेशी विक्रेत्याच्या यादीत भाषा कळली नाही तरी पहिल्या पाच आकड्यांवरून वस्तू ओळखता येते. जपानी दुकानदाराशी मी एकही जपानी शब्द न बोलता नीट व्यवहार केलाय.

काही पार्टना तर गाडीचं नावच लागत नाही. बेअरिंग घ्या. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, समजा ६२०५. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. हा ६२०५ पंख्याच्या मोटरीत असो, पाण्याच्या पंपात असो की गाडीत, माप तेच: आत २५, बाहेर ५२, रुंदी १५. ऑइल सीललाही तीन मापं पुरतात: आतलं, बाहेरचं, जाडी. पुण्यात नाना पेठेत जाऊन “जोंगाचं सील द्या” म्हटलं तर दुकानदार हसतो. व्हर्नियरने माप घेऊन आकडे सांगितले तर खोकं काढून समोर ठेवतो. मामांचं एक वाक्य मी मोबाईलच्या स्क्रीनवर लावलंय: “गाडीचं नाव सांगू नकोस, माप सांग.”

ब्रेकच्या बाबतीत मात्र माप जवळपास जुळून चालत नाही, तंतोतंत हवं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, प्रत्येक चाकात छोटा व्हील सिलिंडर. आमच्या गाडीत एका बाजूचा सिलिंडर आधीच्या मालकाने दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा बसवला होता. बाहेरून अगदी सारखा दिसत होता, पण आतला व्यास वेगळा निघाला. ब्रेक ऑइलचा दाब सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे ज्या सिलिंडरचं क्षेत्रफळ जास्त, ते चाक जास्त जोराने धरतं. एका बाजूला ७/८ इंच आणि दुसऱ्या बाजूला १ इंच असेल तर जोरात फरक पडतो जवळपास तीस टक्क्यांचा. घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढणार, आणि खंबाटकीत दरीचं अंग कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. मूळ मापाचा सिलिंडर मिळाला नाही तर जुनाच बोअर करून त्यात पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून परत मूळ मापावर आणता येतो. हे काम ब्रेकचंच काम करणाऱ्याकडे द्या. आणि जुना ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

इथे एक मोह होतो. लष्करी स्टोअरमधून सुटलेला माल कधीकधी मूळ पॅकिंगमध्ये मिळतो: मेणकागद, ग्रीस, वर शिक्का. बघून छाती फुगते. लोखंडी वस्तू असेल तर डोळे झाकून घ्या. गिअर, शाफ्ट, किंगपिन, ग्रीसमध्ये पन्नास वर्षं राहिले तरी काही होत नाही. पण रबर असेल तर ठेवून द्या. ब्रेकचं वॉशर किट न वापरतासुद्धा म्हातारं होतं. फ्युएल पंपाच्या डायफ्रॅमचं आणि पेट्रोलच्या नळ्यांचं दुहेरी दुखणं आहे, कारण आता पंपावर ई२० मिळतं आणि जुनं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नाही. ते सगळं नवीन, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्या.

बाजारांबद्दल थोडक्यात. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी आणि हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचं मंडी डबवाली, जिथे जुन्या जीपांचा मोठाच धंदा आहे. माझं मत विचाराल तर आधी पुण्या-साताऱ्यातले निवृत्त फौजी मेकॅनिक गाठा. कोणाकडे काय पडलंय हे त्यांना पाठ असतं, आणि ती माहिती कुठल्याच ॲपवर नाही. जे कुठेच मिळत नाही ते बनवून घ्यायचं. पाटे बनवणारे तर ट्रकच्या प्रत्येक थांब्यावर असतात. बुश, पुली, छोटं ओतकाम यासाठी कोल्हापूर. उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये तुटका तुकडा दिला तर तो माणूस आधी तो हातात फिरवून बघतो आणि मग विचारतो, “किती पाहिजेत?” एकच हवा असतो, हीच अडचण. म्हणून चार-पाच जोंगावाल्यांनी मिळून ऑर्डर दिली तर परवडतं.

आता डिझेलवाल्यांशी माझं भांडण. पी इंजिन पेट्रोल पितं, भरपूर पितं, हे खरं. डिझेल टाकणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. पण उतरवलेलं इंजिन जातं कुठे? किलोवर. त्याच्याबरोबर क्रँक, हेड, मॅनिफोल्ड सगळं भट्टीत जातं, आणि मग पुढचा गॅरेजवाला म्हणायला मोकळा, की पार्ट मिळत नाहीत. मिळत नाहीत कारण आपणच वितळवले. इंजिन बदलायचंच असेल तर जुनं निदान विकू नका, किंवा ज्याला हवंय त्याला द्या. आणि बदलल्यावर आरटीओकडून मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करणं आलंच.

हां, रंग राहिला. हिरव्या फौजी रंगाचा डबा शोधत फिरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आमची जोंगा वाळूच्या रंगाची होणार आहे. मामा अजून नाराज आहेत, पण नियम त्यांनाच जास्त पाठ.

गाडी सुरू होते, ऑइल स्वच्छ आहे, ब्रेक सरळ धरतात. अडलंय ते ट्रान्सफर केसच्या एका गिअरपाशी. दोन दात उडालेत, आणि तो फोर्कलिफ्टमध्ये नसतो. तुमच्या गोठ्यात, शेडमध्ये, आजोबांच्या पेटीमागे जोंगाचं काही पडलं असेल तर फोटो पाठवा. पट्टी शेजारी ठेवून काढा आणि कोरलेला नंबर दिसू द्या.